हरणांचा हंगाम आणि आमचं वावर

काटोल,
फेब्रुवारीचा दुसरा आठवडा

चि. बाळू यास काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. काकूने ते मोठ्याने वाचून घेतलं आणि मग तुझ्या प्रश्नावर आमच्याकडे जेवणं होईपर्यंत बोलणं चाललं. विस्कॉन्सिनमधल्या तुझ्या गावात सध्या एकच विषय आहे म्हणतोस: हरणांच्या शिकारीचा हंगाम आखडला तर गावातल्या धंद्यांचं काय होणार? थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम उघडतो आणि नऊ दिवसांत संपतो. तेवढ्यात मोटेलवाला, पेट्रोल पंप, काडतुसांचं दुकान, हरीण कापून पाकिटं करून देणारा खाटीक, मुंडकी भरून देणारा कारागीर, सगळे वर्षाची तोंडमिळवणी करतात. पाच लाखांहून जास्त लोक परवाना काढून रानात उतरतात, त्या नऊ दिवसांतला एक शनिवार-रविवार कमी झाला तरी लहान गावाला तो पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जाणवतो. आणि शेवटी विचारलंस, ‘काका, तुमच्याकडे शिकारच बंद आहे, तुम्हाला हे कितपत कळेल?’

बाळू, कळतं. आमच्याकडे हंगाम आखडला नाही, पुरता संपला. त्यामुळे तो संपल्यावर कुणाचं काय होतं हे आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त दिसलं आहे.

आपल्या भागात शिकारीचा हंगाम होता. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताच्या जंगलांचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत. साहेब, मालगुजार, त्यांचे पाहुणे परवाना काढून ठरावीक मुदतीसाठी ब्लॉक घेत. विणीच्या काळात शिकार बंद ठेवण्याची तरतूद 1912 च्या कायद्यातच होती. स्वातंत्र्यानंतर नागपूरची ॲल्विन कूपर ही कंपनी पाहुण्यांना मध्य भारतातल्या जंगलांत शिकारीला नेत असे. पुढे केंद्रात मंत्री झालेल्या विद्याचरण शुक्लांनी ती काढली होती. मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते या धंद्यात उतरले. एका शिकारीमागे माग काढणारे, मचाण बांधणारे, हाका घालणारे, सामान वाहणारे बंडीवाले, आचारी, एवढे हात लागत. कातडी आणि मुंडकी भरायला थेट मैसूरला व्हॅन इंगेनकडे जात. म्हणजे तू लिहिलेला सगळा पसारा इथेही होता.

1970 मध्ये वाघाची शिकार बंद झाली. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. पण हे लक्षात ठेव, की त्या कायद्यात शिकारीचे परवाने होते. चितळ, सांबर, रोही म्हणजे नीलगाय, रानडुक्कर यांच्यासाठी परवाना मिळू शकत होता. परवान्याची ही सोय 1991 च्या दुरुस्तीने काढून टाकली, तेव्हा हंगाम हा शब्दच आपल्या शिकारीतून गेला. मैसूरचा व्हॅन इंगेनचा कारखाना 1999 मध्ये बंद झाला.

ही बंदी योग्य होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आज पेंचमध्ये, बोरमध्ये वाघ दिसतो तो तिच्यामुळे. माझं म्हणणं बंदीनंतरच्या हिशेबाबद्दल आहे. कंपनीवाले दुसरीकडे गेले, साहेबांनी बंदुकी भिंतीवर टांगल्या. त्यांचं काही अडलं नाही. अडलं फासेपारध्यांचं. त्यांच्याकडे बंदूकही नव्हती आणि परवानाही. फास मांडून हरीण, तितर, लावे धरायचे आणि बाजारात विकायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. 1871 च्या कायद्याखाली पुढे त्यांना गुन्हेगार जमात ठरवलं गेलं. 1952 मध्ये तो शिक्का कागदावर पुसला आणि वीसच वर्षांनी आलेल्या कायद्याने त्यांचा धंदा हाच गुन्हा झाला. रोजी बंद करताना त्यांना जमीन, शाळा, दुसरं काम द्यायला हवं होतं. विदर्भातल्या पारध्यांच्या बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, जाऊन पाहिलं तर किती दिलं ते कुणालाही दिसेल. जनावराच्या पायाच्या ठशावरून ते कधी गेलं, एकटं होतं की कळपात, हे सांगणारी ही माणसं. वनखात्याला यांच्याहून चांगले पहारेकरी कुठे मिळणार होते? तेव्हा तुझ्या गावात कुणी ‘धंदेवाले करतील काहीतरी दुसरं’ असं म्हणालं, तर ते ऐकून घेऊ नकोस. दुसरं काहीतरी ज्यांना करता येतं तेच करतात.

आता आमच्याकडचा नवा हंगाम म्हणजे सफारीचा. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, पण हंगामाचं गणित तुमच्यासारखंच आहे. 1 ऑक्टोबरला व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्याचे दरवाजे उघडतात, 30 जूनला बंद होतात. खरी कमाई एप्रिल, मे आणि जूनच्या पाऊस पडेपर्यंतच्या दिवसांची, कारण शाळांना सुट्ट्या असतात आणि तहानलेलं जनावर पाणवठ्यावर दिसतं. पेंचच्या सिल्लारी गेटवरचा जिप्सीवाला कर्जावर गाडी घेतो, गाइडला फेरीप्रमाणे पैसे मिळतात, चहाची टपरी, पंक्चरचं दुकान, रिसॉर्टमध्ये भाजी देणारी बाई, सगळं त्या फेऱ्यांवर. जुलै 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभ्यातल्या पर्यटनावर तात्पुरती बंदी घातली, ती ऑक्टोबरच्या मध्याला उठली. तेवढ्या काळात आता दारं उघडणारच नाहीत या भीतीने सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. पुढे करोनात 2020 चा आणि 2021 चा उन्हाळा, दोन्ही हातचे गेले. गाडीचा हप्ता मात्र थांबत नाही. त्यामुळे तुझ्या मोटेलवाल्याचं दुःख मला खोटं वाटत नाही.

पण इथून पुढे मी तुझ्याशी थोडा भांडणार आहे. तुझ्या पत्रात धंद्यांची एवढी लांब यादी आहे आणि शेतकरी त्यात कुठेच नाही. हरीण नऊ दिवस शिकाऱ्याचं असतं. उरलेलं वर्ष ते कुणाचा मका खातं?

आमच्याकडे हेच झालं आहे. बोरचं जंगल कोंढाळीच्या बाजूने आपल्या तालुक्याला लागून आहे. वाघ पाहायला येणारा नागपूरहून अडेगावच्या गेटला जातो, बोरधरणला जातो, नाहीतर पेंचला. काटोलला वाघासाठी कुणी उतरत नाही. आमच्याकडे येतात ते रोही आणि रानडुकरं, आणि त्यांना कुठला हंगाम नाही. सध्या हरभरा घाट्यावर आहे. डुकरांचा कळप रात्री शिरला की सकाळी वावर नांगरल्यासारखं उलथलेलं सापडतं. रोही बगीच्यात शिरतो तेव्हा कोवळे शेंडे खुडतो आणि नर खोडाला शिंगं घासतो. परवा धुऱ्याजवळच्या ओळीत एक कलम मी हाताने धरून पाहिलं. जंबेरीवर बांधलेलं, तिसऱ्या वर्षात गेलेलं. गुडघ्यापासून कमरेपर्यंत साल एका बाजूने निघाली होती, आतलं पांढरं लाकूड उघडं, कडेने साल वाळून मागे वळलेली. बोर्डो मलम लावलं. जगेल, पण उघड्या जखमेतून डिंक्या रोग शिरायची भीती राहणारच. संत्र्याचं झाड पाचव्या-सहाव्या वर्षी फळावर येतं. ते कलम मेलं तर फक्त कलमाची किंमत जात नाही, तीन वर्षांचं ओलित, खत आणि मेहनत जाते आणि त्या जागेवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता याला तू धंदा म्हणणार की नाही? काटोलचा बाजार संत्र्यावर उभा आहे. अंबियाचा आणि मृगाचा बहार विकला जातो, व्यापारी इसार देतो, मग तोडणारे मजूर, कॅरेट भरणारे, ट्रकवाले, कृषी केंद्र, ठिबकवाला, बसस्टँडवरची हॉटेलं, सगळीकडे तो पैसा फिरतो. बगीच्यातली ओळ गेली की त्या प्रत्येकाचा वाटा जातो. भुईमूग तर डुकरांपायी इथल्या कितीतरी शेतकऱ्यांनी सोडला. ज्वारी कमी होण्यामागेही पाखरं आणि जनावरं हे एक कारण आहेच. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी बैलजोडी विकली गेली. या नुकसानीची यादी कुणी ‘स्थानिक व्यवसायांवर परिणाम’ म्हणून मांडत नाही, कारण ती एका दिवशी होत नाही आणि तिच्यासाठी बैठक बोलावली जात नाही.

जागलीला माणूस मिळत नाही. थंडीत रात्रभर माळ्यावर बसायचं, बॅटरी फिरवायची, डबा वाजवायचा, आणि कोंढाळीच्या बाजूला तर बिबट्याचीही धास्ती. तरणी पोरं येत नाहीत, म्हातारे जातात. काही लोक कुंपणात चोरून वीज सोडतात. त्यात डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी शेजारचाच माणूस मरतो. मी आमच्या गावात प्रत्येकाला हात जोडून सांगतो की हे करू नका. पण ज्याचं पीक सलग दोन वर्षं गेलं आहे त्याला नुसतं हात जोडून किती दिवस थांबवणार?

सरकारने काही केलंच नाही असं नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई आहे. तीन दिवसांत तक्रार द्यायची, मग वनविभाग, तलाठी आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. सौर कुंपणाला अनुदान आहे. 2015 मध्ये रानडुक्कर आणि रोही मारण्याची परवानगी देण्याची सोयही राज्याने केली. पण परवानगीचा कागद हातात आला तरी बंदूक कुणाकडे आहे? 2016 मध्ये चंद्रपूरकडच्या रानडुकरांच्या हत्येवरून तर दिल्लीतल्या दोन मंत्र्यांत जाहीर वाद झाला. त्या वादात दोन्ही बाजूंनी बोलणारे होते, वावरात रात्र काढणारं कुणी नव्हतं.

तुमच्याकडची एक गोष्ट मात्र मला मनापासून पटते. तुझ्या विस्कॉन्सिनात शिकारीच्या परवान्यावर थोडा अधिभार घेतात आणि त्यातून हरणांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई आणि कुंपणं होतात. भरपाई घेणाऱ्या शेतकऱ्यालाही मग शिकाऱ्यांना आपल्या रानात येऊ द्यावं लागतं. शिवाय 1937 पासून देशभर बंदुकी आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. म्हणजे ज्याला हरणाचा आनंद, तो हरणाच्या चाऱ्याचा थोडा तरी खर्च उचलतो. आमच्याकडे सफारीच्या गेटवर जमा होणारा पैसा त्या व्याघ्र प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे जातो आणि जंगलाच्या कामांवर, लगतच्या गावांवर खर्च होतो. ते चांगलंच आहे. पण जनावर बफरची रेघ पाळत नाही. काटोल, कोंढाळी, कळमेश्वरच्या वावरांत ते चरतं, आणि इथली भरपाई सरकारी तिजोरीतून, अर्जाच्या रांगेतून येते. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक सफारीच्या तिकिटातला ठरावीक हिस्सा बफरच्या बाहेरच्या, जंगलाला लागून असलेल्या गावांच्या पीकभरपाईला आणि कुंपणांना बांधून द्यावा. बेड्यांवरच्या तरुणांना त्याच पैशातून राखणदारीची पगारी कामं द्यावीत. असं झालं तर पेंचला गर्दी वाढल्याचा आनंद काटोललाही होईल.

आणि म्हणूनच तुझ्या गावचा प्रश्न मला मोटेलपुरता दिसत नाही. हंगाम आखडला तर परवाने कमी निघतील, परवाने कमी निघाले तर अधिभार कमी जमेल, आणि मक्याची भरपाईही त्याच पिशवीतून जायची आहे. वर 2002 पासून तुमच्या हरणांत एक जीवघेणा रोग आहे. कळप वाढू देऊन भागणार नाही असं तिथले जाणकार म्हणतात. हरणं खरोखर कमी झाली असतील तर हंगाम जरूर आखडा. जनावर राहिलं तरच धंदा राहील. पण तारखा निदान एक वर्ष आधी जाहीर करा, आणि शेतकऱ्याच्या भरपाईचा पैसा कुठून येणार ते त्याच कागदावर लिहा.

एप्रिलमध्ये तुमच्याकडे प्रत्येक काउंटीत वन्यजीवांच्या नियमांवर लोकांचं मत घेतात असं तू लिहिलं आहेस. अशी सोय आम्हाला नाही, म्हणून तू ती वाया घालवू नकोस. तिथे जा, उभा राहा, आणि मोटेलवाल्यांचं बोलून झालं की विचार: या हरणांना वर्षभर चारणाऱ्या शेतकऱ्यांपैकी किती जण इथे बोलावले आहेत? उत्तर काय मिळतं ते मला कळव. मी ते आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवीन.

सूनबाईला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
काका