बसणार कोण?

पुतण्याचा फोन येतो तो रविवारी सकाळी, आमचा चहा चालू असताना. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. अमेरिकेत कॅन्सास राज्यात गावाबाहेर त्याने दोन एकर जागेसह घर घेतलं आहे. मागच्या जूनमध्ये असाच फोन आला. म्हणाला, "काका, मी गवत कापायचं यंत्र घेतोय. झिरो टर्न म्हणतात त्याला. खुर्चीत बसून चालवायचं. तुमच्या सीताफळाच्या बागेत पण गवत फार होतं ना? तुमच्यासाठीही एक घेऊ. पैसे मी देतो, यंत्र तुम्ही निवडा."

मी मराठी माध्यमाचा बी. ए. पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. यंत्रातलं मला कळतं ते सायकलच्या चेनपर्यंत. पण निवृत्त माणसाला कुणी काम सांगितलं की बरं वाटतं. मी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर वर 'गवत कापायचं यंत्र' असं लिहून खाली रेघ मारली.

आधी आमच्या जमिनीविषयी सांगतो. निवृत्तीच्या पैशातून बार्शी रस्त्याला नान्नजच्या अलीकडे तीन एकर माळ घेतला होता. खाली थोडी काळी माती, बाकी सगळा मुरूम. दरवर्षी पावसानंतर नवे दगड वर येतात, जणू कुणी रात्रीतून पेरून गेलं आहे. वरच्या अंगाला चांगलाच उतार आहे. त्यात सीताफळ लावलं, आपल्याच बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडलेलं 'एनएमके-१ गोल्डन' वाण. पाऊस झाला की ओळींच्या मधे कुसळी, मारवेल, गाजरगवत कमरेला लागतं. नांगरून काढलं तर उतारावरची माती वाहून जाते. म्हणून कापायचं आणि झाडाच्या बुडात आच्छादन म्हणून टाकायचं. साप असतात, त्यामुळे वाढूही देता येत नाही.

आता ते झिरो टर्न. मागच्या दोन चाकांना दोन वेगळे पंप आणि दोन दांडे. एक दांडा पुढे ढकलला, दुसरा मागे ओढला की यंत्र जागच्या जागी गरकन फिरतं. मला लगेच बैलजोडी आठवली. तास संपलं की औतकरी आतल्या बैलाला थोपवतो आणि बाहेरचा बैल वळसा घेतो, तसंच. तिकडे पुढची चाकं नुसती फिरती, खुर्चीच्या चाकांसारखी. म्हणजे वळवणं, थांबवणं सगळं मागच्या चाकांच्या हातात. ओल्या उतारावर मागची चाकं घसरली की वळताही येत नाही आणि थांबताही येत नाही. पंधरा अंशांपेक्षा जास्त उतारावर नेऊ नका असं बहुतेक कंपन्या स्वतःच बजावतात.

वाचता वाचता एक गंमत कळली. गवत कापायचं पहिलं यंत्र एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने १८३० साली केलं. कल्पना कुठून सुचली, तर कापडाच्या गिरणीतून. लोकरी कापडावरची लव कातरायला फिरत्या रुळावर पाती बसवलेलं यंत्र असायचं, तेच त्याने जमिनीवर आणलं. आपल्या सोलापुरात मखमली टॉवेल करताना वरचे फासे कातरतात ते याच जातीचं काम. बडिंगने आणखी एक लिहून ठेवलं होतं. गावाकडच्या सभ्य गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवलं तर त्यांची करमणूक होईल आणि निरोगी व्यायामही होईल. रोज मजुरीवर गवत कापणाऱ्याचं काय होईल, ते मात्र त्यात नव्हतं. तेव्हा मी हसलो आणि पुढचं पान उलटलं.

महिनाभरात वही बरीच भरली. पात्यावरचं झाकण जाड पोलादाचं आणि जोडून केलेलं असावं, पातळ पत्रा ठोकून वाकवलेलं नको. यात एक फसगत आहे. पत्र्याची जाडी तिकडे गेजमध्ये सांगतात आणि आकडा लहान तितका पत्रा जाड. सात गेज म्हणजे साधारण साडेचार मिलीमीटर, अकरा गेज म्हणजे तीन. पात्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे असू शकतो. त्याला मुरमातला दगड लागला तर पातळ पत्र्याचं काय होईल? उलटलंच तर जीव वाचवायला डोक्यामागे लोखंडी कमान आणि कमरेला पट्टा हवा. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून मी लिहिलं होतं : खुर्ची. स्प्रिंगची, पाठीला आधार देणारी, हात टेकायला जागा असलेली. कारण माझी कंबर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दगडांवरून तासभर आदळत बसायचं म्हणजे विचार करायला हवा.

ऑगस्टमध्ये वही घेऊन शेतावर गेलो. तिथे आमच्या शाळेच्या शिपाईमामांचा मुलगा काम बघतो. मामांनी शाळेत असताना दर वर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी अख्खं मैदान विळ्याने साफ केलं. मुलाला मी दोन वर्षांपूर्वी खांद्यावर अडकवायचं पेट्रोलवरचं कटर घेऊन दिलं होतं. दुकानात होतं त्यातलं सगळ्यात स्वस्त. विळ्यापेक्षा कितीतरी पट काम होतं म्हणून मी खूष होतो.

बांधावर बसून मी त्याला यादी वाचून दाखवली. खुर्चीपाशी आल्यावर त्याने मधेच विचारलं, "सर, असलं बसायचं मशीन आलं तर बोटं बहिरी होणार नाहीत ना?"

"कुणाची बोटं?"

"माझी ओ सर. कटर चालवलं की रात्री मुंग्या येतात. सकाळी शर्टाचं बटण लागत नाही. थंडीत दोन बोटं पांढरी पडतात की."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवाळीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "तुम्ही विचारलं कुठं ओ सर?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

'बहिरी' हा शब्द आमच्या घरातला आहे. माझे वडील गिरणीत मागावर होते. दिवसभर त्या धोट्यांचा खडखडाट. मी मॅट्रिकला होतो तेव्हाच त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. माझा निकाल त्यांना पाटीवर लिहून दाखवला. मोठा झाल्यावर मी अनेकदा तावातावाने बोललो आहे, की मालकांनी कापूस मोजला, सूत मोजलं, कामगाराचे कान कुणी मोजले नाहीत. वर्गातही बोललो आहे. आणि तोच मी, दुकानात उभा राहून कटरची किंमत विचारली, पेट्रोल किती लागतं विचारलं, आणि कंपन कमी करणारी मूठ असलेलं महाग म्हणून बाजूला ठेवलं.

त्याला सोलापुरात डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, कंपनाने बोटांच्या शिरा आणि रक्तवाहिन्या दुखावतात. हा आजार नवा नाही. १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियानातल्या दगडकाम करणाऱ्यांच्या हातांत तो नोंदवला होता. औषधापेक्षा यंत्र बंद करणं महत्त्वाचं, लवकर बंद केलं तर सुधारतं, असं त्यांनी सांगितलं. पूर्ण बरं होईल असं मात्र ते म्हणाले नाहीत. कटर त्याच दिवशी बंद केलं.

मग वहीतली 'खुर्ची' मी नव्याने वाचली. दोनदा अधोरेखित केलेली ती खुर्ची माझ्या कंबरेसाठी होती. मी तिच्यावर बसणार होतो वर्षातून एकदा, पाहुण्यांना दाखवायला. उरलेले दिवस बसणार होता तो.

झिरो टर्न घ्यायचं नाही हे तोवर ठरलंच होतं. सपाट हिरवळीवर ते उत्तम, पण आमच्या उतारावर आणि दगडांत नको. आणि एखादा पट्टा तुटला तर तो कॅन्साससहून मागवायचा का? त्याऐवजी जुना छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे गवत कापायचं स्लॅशर, असं ठरलं. ओळींतून जाईल एवढा अरुंद आणि दुरुस्तीला बार्शीत माणूस मिळेल असा. आता निवडायला मी त्याला पाठवलं आणि सोबत गेलो.

पहिला ट्रॅक्टर मला पसंत होता, रंगही छान होता. तो बसला आणि म्हणाला, "गुडघं चाकाला लागतात." दुसऱ्याचा क्लच इतका जड की पाय अवघडला. तिसरा दिसायला खटारा होता. विकणाऱ्याला विनंती करून तो आमच्या माळावर आणला आणि तासभर चालवून बघितला. विकणाऱ्याला वेळेची घाई होती, पण मी पस्तीस वर्षं परीक्षा घेतल्या आहेत, वेळ संपायच्या आधी पेपर गोळा करत नाही. उतरल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "हात कसे आहेत?" त्याने दोन्ही पंजे उघडमीट करून बघितले. मग म्हणाला, "पाठ धरली ओ सर, पण हात बरे हायेत."

तोच घेतला. पाठीसाठी स्प्रिंगची खुर्ची वेगळी बसवून घेतली, आणि वेल्डिंगवाल्याकडून नव्हे तर ट्रॅक्टरच्या मापाची तयार कमान आणि पट्टा. उतारावर आडवं न चालता वरखाली चालायचं आणि मडगार्डवर कुणाला बसवायचं नाही, हे कागदावर लिहून गोठ्यात लावलं आहे. अगदी दगडाळ कोपऱ्यात अजून विळाच चालतो.

दिवाळीत शिपाईमामा शेतावर आले होते. ट्रॅक्टरला एक फेरी मारली, खुर्चीवर बसले आणि गादी दोन्ही हातांनी दाबून बघितली. काही बोलले नाहीत. मीच तिथून जरा लांब जाऊन झाडं बघत उभा राहिलो. त्यांच्या पाठीची चौकशीही मी सव्वीस वर्षांत कधी केली नव्हती.

मुलाच्या हाताच्या मुंग्या आता बऱ्याच कमी झाल्या आहेत. या थंडीतही दोन बोटं सकाळी पांढरी पडलीच.

पुतण्याने त्याचं झिरो टर्न अजून घेतलेलं नाही. मागच्या रविवारी म्हणाला, "काका, दोन मॉडेल काढली आहेत. दोन्हींच्या खुर्चीवर बसून बघितलं, एकदम आरामशीर आहेत."

मी विचारलं, "गवत तूच कापणार?"

"नाही हो, मला कुठे वेळ? शेजारचा एक कॉलेजातला मुलगा येतो दर शनिवारी."

मी म्हटलं, "मग पुढच्या शनिवारी त्याला दुकानात घेऊन जा."