उचल, खाडा आणि गर्भाशय

आजार शरीराला होतो आणि त्याचे निदान दवाखान्यात होते, त्यामुळे त्याची कारणेही शरीरातच शोधण्याची सवय वैद्यकाला आणि समाजालाही जडलेली आहे. परंतु एकाच कामावर जाणाऱ्या, साधारण एकाच वयाच्या हजारो स्त्रियांच्या वाट्याला एकच दुखणे आणि एकच शस्त्रक्रिया येऊ लागते, तेव्हा कारणांचा शोध त्यांच्या कामाच्या अटींपर्यंत नेणे भाग पडते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळी पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांचे, गर्भाशय काढलेले आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ मधील चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत सारखी नसल्यामुळे या आकड्यांची काटेकोर तुलना करता येत नाही हे खरे; तरीही एवढी मोठी तफावत केवळ पद्धतीतल्या फरकाने पडत नाही.

माणूस जिथे जन्मतो, वाढतो, राहतो आणि राबतो तिथल्या ज्या परिस्थितीमुळे त्याचे आरोग्य घडते किंवा बिघडते, तिला सार्वजनिक आरोग्यशास्त्रात ‘आरोग्याचे सामाजिक निर्धारक’ म्हणतात, आणि या निर्धारकांमध्ये कामाचे स्थान फार वरचे आहे. लंडनमधील सरकारी नोकरांचा १९६७ पासून जो दीर्घ अभ्यास झाला आणि जो पुढे मायकेल मार्मट यांच्या नावाशी जोडला गेला, त्यात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीतील पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळला, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या सर्वांचा हिशेब करूनही त्या फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहिला. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार कामाचा रेटा मोठा असतो आणि ते काम कधी, कसे, किती करायचे यावर करणाऱ्याचा ताबा नसतो, तेव्हा ते काम प्रकृतीला सर्वाधिक घातक ठरते. हा सिद्धान्त कारखाने आणि कचेऱ्या डोळ्यांसमोर ठेवून मांडला गेला असला, तरी ताबा नसणे म्हणजे नेमके काय, हे उसाच्या फडात अधिक उघडपणे दिसते.

फडातील कामाचा व्यवहार ‘कोयता’ या एककाने होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, असा हा हिशेब असतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी कारखान्याला मजूर पुरवणारा मुकादम या जोडप्याला आगाऊ रक्कम देतो. तिला ‘उचल’ म्हणतात, आणि ती बहुधा नवऱ्याच्याच हातात पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत टनामागे ठरलेल्या दराने ऊस तोडून ही उचल फेडायची असते. फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढते आणि त्याच मुकादमाकडे पुन्हा जावे लागते. एखाद्या दिवशी जोडीतील एक जण जरी कामावर आला नाही, तरी त्याला ‘खाडा’ म्हणतात. खाड्याच्या दिवशी मजुरी तर बुडतेच, शिवाय दंडाची रक्कम खात्यावर लागते, आणि हा दंड अनेकदा बुडालेल्या मजुरीहून अधिक असतो. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील, पावसावर विसंबलेल्या तालुक्यांतून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडे कर्नाटकापर्यंत जाणाऱ्या टोळ्यांमागे कोरडवाहू शेती आणि अशी उचल ही दोन्ही कारणे एकत्र असतात. बाईला पाळी आली, ताप आला, ती गरोदर आहे किंवा नुकतीच बाळंत झाली आहे, यांतील कोणतीही अवस्था मुकादमाच्या हिशेबाच्या वहीत वेगळी नोंदली जात नाही. तिच्यासाठी त्या वहीत खाडा हा एकच रकाना आहे.

या वहीबाहेर तिचा दिवस कसा जातो, हे जरा जवळून पाहिले पाहिजे. फडाशेजारी किंवा कारखान्याच्या तळावर उभारलेल्या कोपीत, म्हणजे पाल किंवा पाचटाच्या झोपडीत, ती सूर्योदयाच्या बऱ्याच आधी उठते, पाणी आणते, भाकरी थापते, लेकरांचे आवरते आणि उजाडायच्या सुमारास फडात पोचते. नवरा ऊस तोडत जातो. ती तो सवळते, म्हणजे त्याचे पाचट काढते, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, वेगळे काढते, उसाच्या मोळ्या बांधते आणि ट्रक आला की तीस-पस्तीस किलोंच्या घरातली मोळी डोक्यावर घेऊन टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढते, मोळी टाकते, खाली उतरते आणि पुन्हा दुसरी मोळी उचलते. ट्रक कधी येईल हे तिच्या हाती नसते, म्हणून भराई कित्येकदा रात्री होते. आडोसा म्हणजे उभा ऊसच, आणि तोड पुढे सरकते तसतसा तोही कमी होत जातो. लघवीला जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणी कमी पिणे, पाळीचे कापड तासन्‌तास न बदलणे आणि धुतलेले कापड उन्हात वाळवायला जागा नसल्याने ते दमटच वापरणे, या सवयींना अज्ञान म्हणून मोकळे होणे हा अन्याय आहे. स्वच्छतेविषयी कितीही सांगितले, तरी पाणी, आडोसा आणि पाच मिनिटांची उसंत नसेल तर ते सांगणे तिच्या काही उपयोगाचे नाही.

यातून जे आजार उद्भवतात ते वैद्यकाला पूर्ण परिचयाचे आहेत: मूत्रमार्गाचा आणि योनिमार्गाचा वारंवार होणारा जंतुसंसर्ग, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटातील दुखणे, पाळीतील अतिरक्तस्राव, आणि बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न घेता जड ओझे उचलत राहिल्याने गर्भाशय खाली सरकणे, ज्याला बायका ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. कोयता जोडीचाच लागत असल्याने मुलींची लग्ने लवकर लावण्याकडे कल राहतो. बाळंतपणे लवकर होतात आणि हे आजार ऐन पंचविशी-तिशीत गाठतात. यांपैकी बहुतेकांवर औषधांनी किंवा साध्या उपायांनी इलाज होऊ शकतो, पण त्यासाठी पुन्हा पुन्हा तपासणीला जावे लागते, म्हणजे पुन्हा पुन्हा खाडा पडतो, आणि सरकारी दवाखाना फडापासून दूर असतो. अशा वेळी हंगामाआधी किंवा नंतर एखाद्या खासगी रुग्णालयात पिशवी काढून टाकली की कटकट मिटेल, नाही तर कॅन्सर होईल, असे सांगितले गेले तर ती बाई कबूल होते. अशा भीतीचा आधार घेऊन शस्त्रक्रिया करणे हा वैद्यकीय नीतीचा उघड भंग आहे आणि त्याला क्षमा असू नये. मात्र त्या डॉक्टरांना पूर्ण दोष देऊनही प्रश्नाचा मोठा भाग उरतो: पाळी हीच खाड्याचे कारण ठरते तेव्हा पाळी कायमची बंद होणे हा बाईला स्वतःलाच व्यवहार्य पर्याय वाटू लागतो, आणि तिचा हा हिशेब चुकलेला नसतो, तो ज्या अटींवर मांडावा लागतो त्या अटीच अमानुष आहेत.

शस्त्रक्रियेने दुखणे संपते असेही नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण एकदम घटते आणि चाळिशीही न गाठलेल्या स्त्रीला रजोनिवृत्तीची सारी लक्षणे सुरू होतात. हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी रजोनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे जड वजन उचलू नये असा वैद्यकीय दंडक आहे, पण फळीवरून मोळी चढवणाऱ्या स्त्रीला तो पाळता येणे दुर्मीळ. शस्त्रक्रियेचा खर्च बहुधा उसनवारीने किंवा वाढीव उचलीने भागवला जातो, म्हणजे ज्या कर्जामुळे विश्रांती घेता आली नाही, तेच कर्ज उपचारामुळे आणखी फुगते.

याच पिकाच्या संदर्भात मध्य अमेरिकेतील अनुभव फार उद्बोधक आहे. एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे या शतकाच्या सुरुवातीपासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले जाऊ लागले. कीटकनाशकांसह इतर कारणांचीही चर्चा झाली आणि ती अजून संपलेली नाही, तरी कडक उन्हात, पाण्याच्या कमतरतेत, थांबण्याची मुभा नसलेले अतिकष्टाचे काम हे प्रमुख कारण असावे याकडे संशोधनाचा कौल झुकला. त्यावर निकाराग्वातील एका मोठ्या साखर कारखान्यात ‘पाणी, विश्रांती, सावली’ असा कार्यक्रम आखला गेला. त्यात विश्रांतीच्या वेळा ठरवून दिल्या, सावलीचे तंबू फडापर्यंत नेले, आणि मजुरांच्या मूत्रपिंडांना होणारी इजा घटल्याचे पुढील हंगामांत नोंदले गेले. महाराष्ट्रातील गळीत हंगामाचा बराच भाग हिवाळ्यात येतो, म्हणून तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण विश्रांती हा मजुराच्या इच्छेचा विषय न राहता कामाच्या रचनेचा भाग झाली, तेव्हाच तिथे आजार हटू लागला, ही गोष्ट इथेही तितकीच महत्त्वाची आहे.

कायद्याच्या बाबतीत ऊसतोड कामगार फार एकाकी आहे. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये प्रसूती-लाभ विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कारखान्यांतील स्त्रियांसाठी तसा कायदाही झाला. परंतु फडात राबणाऱ्या स्त्रीला प्रसूतीची भरपगारी रजा आजही मिळत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि त्या हंगामी कारखान्यांत साखरेचे व गुळाचे उत्पादन नाव घेऊन नमूद केले. शिवाय कारखाना आणि मजूर यांच्यामध्ये मुकादम उभा असल्याने मालक कोण हा प्रश्नच अधांतरी राहतो, आणि मालक ठरत नाही तोवर जबाबदारीही कोणाची ठरत नाही.

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले, हंगामाआधी आणि हंगामानंतर आरोग्य तपासणीची शिफारस समितीने केली, आणि ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळही कार्यरत झाले. हे सर्व आवश्यकच आहे, पण परवानगीची अट साखळीच्या अगदी शेवटच्या कडीला हात घालते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, तेव्हा वाटाघाटींचा भर टनामागचा दर आणि मुकादमाचे कमिशन यांवर होता. आरोग्याच्या दृष्टीने पाहता पुढच्या करारात दराइतक्याच आग्रहाने मागायला हव्यात त्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत: कोयत्याऐवजी पती आणि पत्नी अशी दोन स्वतंत्र नावे व दोन स्वतंत्र खाती, आजारपण, पाळी आणि बाळंतपणाच्या दिवसांना खाड्यातून सूट, कारखान्याच्या खर्चाने तळावर पाणी व शौचालय, आणि रात्रीच्या भराईला बंदी. यांपैकी स्वतंत्र नावाची मागणी सर्वांत आधी यायला हवी, कारण बाईचे नाव हजेरीवर आले की तिची मजुरी, तिचे आजारपण आणि तिचा अपघात यांची नोंद तिच्या स्वतःच्या नावावर होऊ लागेल, आणि त्या नोंदीवाचून विमा, नुकसानभरपाई किंवा प्रसूती-लाभ यांतील कशावरही तिला दावा सांगता येत नाही.