टोपीखाली

शहाद्याला येणाऱ्या सकाळच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली, की ब्राह्मणपुरीच्या विद्यार्थ्याला दिवस चांगला जाणार असे वाटते. मला मात्र गेली दोन वर्षे ती जागा नकोशी झाली आहे. वारा लागला की कपाळावर मोठ्या कष्टाने आणून ठेवलेले केस मागे उडतात, आणि वयाच्या २१ व्या वर्षी माझे कपाळ कुठवर पोहोचले आहे, ते साऱ्या गाडीला दिसते.

आमच्या गावात निदानाला डॉक्टर लागत नाही, पार पुरतो. बोअरिंगचे पाणी जड आहे, असे एकाचे मत. दुसऱ्याने हेल्मेटला दोषी धरले. मी ते वर्षातून चारदा घालतो. तिसरे म्हणाले, पोरगा फार वाचतो. माझे गुणपत्रक त्यांनी पाहिलेले नसावे. दिवाळीला फुई आली, तिने सरळच विचारले, "तुना केस कोठे गयात रे पोऱ्या?" आणि मग मायकडे पाहत, आपल्या माहेरी कोणालाच टक्कल नाही, हेही ऐकवले.

माय काही बोलली नाही. त्या रात्रीपासून ती तेल कोमट करून माझ्या डोक्याला चोळू लागली.

मीही कमी शहाणा नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहायला गेलो आणि तीनशे रुपयांची 'जडीबुटी'ची बाटली घेऊन परतलो. पैसे मायने पुस्तकांसाठी दिले होते. तीन महिन्यांत बाटली संपली. केस आले नाहीत, उशीच्या अभ्र्यावर हिरवे डाग तेवढे आले.

पाण्याच्या मताला २०२५ च्या जानेवारीत भलताच जोर चढला. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले आणि काही दिवसांत टक्कल पडू लागले. तिथेही पहिला संशय पाण्यावरच होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम फार वाढलेले आढळले, आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. पण तिथे बायकांचे, मुलांचेही केस गेले, झपाट्याने गेले, आणि अनेकांचे पुन्हा उगवू लागले. माझे तसे नव्हते. आमच्या घरात सगळे एकच पाणी पितात. केस माझेच जातात, तेही समोरून आणि टाळूवरून. मागची झालर जशीच्या तशी आहे.

शेवटी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोके पाहिले आणि विचारले, "आईच्या वडिलांना टक्कल होते का?"

मला सांगता येईना. आजोबांना मी पांढऱ्या टोपीशिवाय कधी पाहिलेच नव्हते.

डॉक्टरांनी समजावले ते असे. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात आणखी एक जहाल संप्रेरक तयार होते. काहींच्या समोरच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळे त्याच्यापुढे हळूहळू आकसत जातात. दर वेळी उगवणारा केस आधीपेक्षा बारीक आणि अल्पायुषी होतो. शेवटी लव तेवढी उरते. मागच्या मुळांवर त्याची मात्रा चालत नाही. हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने १९४२ साली दाखवून दिले होते, की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले, त्यांना असे टक्कल पडत नाही. म्हणजे टक्कल पौरुषाच्या उणिवेचे लक्षण नाही. हे वाक्य मी दोनदा वदवून घेतले! यावर औषधे आहेत, पण ती घेत राहावी लागतात. सोडली की केस पुन्हा जातात. आमच्या खर्चाला ते झेपणारे नव्हते.

घरी येऊन मायची पेटी उघडली. प्रकाशाला तापीच्या घाटावर काढलेला एक फोटो निघाला. आजोबा नुकतेच स्नान करून उभे, टोपी हातात, आणि डोके घाटाच्या दगडासारखे चकचकीत.

माय माझ्या मागे उभी होती. तिने फोटो घेतला आणि पालथा ठेवला. "म्हणजे माझ्याकडूनच," एवढेच म्हणाली. तिला ते आधीपासून ठाऊक असावे. फुईचे बोलणे ती वर्षभर का गिळत होती, ते मला तेव्हा कळले.

डॉक्टरांचे उरलेले म्हणणे मी तिला सांगितले. टकलाशी संबंध असलेले एक वजनदार जनुक मुलाला आईकडून मिळते, हे खरे. पण ते एकटे नसते. बाकीची पुष्कळ जनुके दोन्ही घराण्यांकडून येतात, आणि स्वतःच्या डोक्यावर दाट केस असलेला माणूसही ती पुढे देऊ शकतो. नानांच्या डोक्यावर आजही भरपूर केस आहेत, म्हणून नाना सुटत नाहीत.

माय बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हाई तुनी फुईले बी सांगजो."

फोटो सरळ करून तिने पेटीत ठेवला आणि चुलीवर तेलाची वाटी चढवली. तेल चोळून केस उगवत नाहीत, हेही डॉक्टरांनी सांगितले होते. ते मी तिला अजून सांगितलेले नाही.