देवराईंतला साकव

कोंकणांत ओढ्यावरील लहान पुलास 'साकव' म्हणतात. संस्कृतांतील 'संक्रम' हा शब्द शतकानुशतकें लोकांच्या तोंडीं झिजून त्याचें हें सुटसुटीत रूप झालें आहे. शब्द पायांखालच्या लांकडासारखा झिजतो, आणि झिजला तरी पलीकडे पोंचवितो, असें आम्हीं वर्गांत पुष्कळदां सांगितलें असेल; पण साकव म्हणजे काय, हें आम्हांस गतवर्षीं आश्विनांत, संगमेश्वर तालुक्यांत एका आप्तांच्या गांवीं गेलों असतां, खरें कळलें.

गांव दोन वाड्यांचें. मध्यें सह्याद्रीवरून उतरणारा ओढा आणि त्याच्या दोन्ही कांठीं ग्रामदेवतेची राई. राईंतील वाळकी काटकीहि कोणी घरीं नेत नाहीं. म्हणून ऐन, किंजळ, सातवीण यांचीं कवेंत न मावणारीं झाडें तेथें उभीं आहेत. भर दुपारींहि जमिनीवर उन्हाचे कवडसेच तेवढे पडतात. साकव होता तो पोफळीच्या चार सोटांचा, केवणीच्या सालीनें बांधलेला. धरावयास एका अंगास बांबू. दरवर्षीं मृगापूर्वीं दोन्ही वाड्यांतील माणसें मिळून तो घालीत. जिल्ह्यांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. पोफळीचें लांकूड बाहेरून चिवट आणि आंतून भुसभुशीत. त्यानें दोन पावसाळे काढले म्हणजे पुष्कळ झालें!

आम्ही त्याचें कौतुक करूं लागलों, तों आमचे आप्त गंभीर झाले. त्याच श्रावणांत नऊ वर्षांची एक मुलगी शाळेंत जातांना त्यावरून घसरली होती. बांबू हातीं आला म्हणून वांचली. दप्तर मात्र वाहून गेलें. तेव्हांपासून आई तिला शाळेंत पाठवीत नव्हती.

त्या संध्याकाळीं देवळाच्या सभामंडपांत बैठक भरली. सिमेंटचा रुंद पूल करावा तर वाटेंतलीं सात-आठ जुनीं झाडें जाणार होतीं. आम्हांस मत विचारण्यांत आलें. आम्हीं वाल्मीकीपासून आरंभ केला. नलानें सेतु बांधला तो शिळांबरोबर साल, अर्जुन, ताल अशा वृक्षांनींच. तेव्हां ही परंपरा प्राचीन आहे, साकव आहे तसाच राहूं द्यावा, असें आम्हीं सांगितलें. "गुरुजी, वानरांनीं तीं झाडं उपटूनच आणलीं होतीं कीं!" एक वृद्ध सुतार हंसून म्हणाला. इतक्यांत खांबाआडून त्या मुलीची आई बोलली, "झाडं राहूं देत हो, गुरुजी. पण माझ्या पोरीनं शाळेंत जावं कसं?" या प्रश्नास आमच्याजवळ श्लोक नव्हता.

उत्तर होतें तें त्या सुताराजवळ. दुसऱ्या दिवशीं तो आम्हांस ओढ्यावर घेऊन गेला. प्रथम त्यानें जांभळीच्या फांदींत अडकलेला पुराचा गाळकचरा दाखविला. पाणी कोठवर चढतें याची ती खूण. साकव त्याहून दीड हात उंच हवा. ओढ्यांत खांब नको. पुरांत वाहून येणारीं झाडें त्यास अडतात आणि पूल ओढून नेतात. म्हणून कांठ जेथें जवळ येतात आणि दोहीं बाजूंस कातळ आहे, ती सात मीटरांची जागा त्यानें निवडली. त्यावर हातभर उंचीच्या तीन सागवानी तुळया. त्याहि खाजगी मळ्यांतल्या, राईंतली एक डहाळीहि नाहीं.

"लांकूड पाण्यानं मरत नाहीं, गुरुजी, न सुकणाऱ्या ओलीनं मरतं," तो म्हणाला. म्हणून तुळयांचीं टोकें मातींत पुरावयाचीं नाहींत. काळ्या दगडाच्या जोत्यावर, भोंवतीं वारा खेळेल अशीं ठेवावयाचीं. तुळईच्या माथ्यावर पत्रा. फळ्यांत बोटभर फट, म्हणजे पाणी निथळेल. खिळ्यांऐवजीं बोल्ट, म्हणजे कुजलेली एकच फळी बदलतां येईल. मध्यभागीं किंचित् उंचवटा, म्हणजे पाणी टोकांकडे उतरेल.

रूपाविषयींहि त्याचा विचार पक्का होता. रंग मुळींच नको. उन्हापावसांत साग आपोआप करडा होऊन झाडांच्या खोडांत मिसळतो. वाट सरळ न आणतां जुन्या किंजळीस वळसा घालून आणावी. कठडा कमरेएवढा, पण गज इतके जवळ कीं मुलाचें डोकें आंत जाऊं नये. आणि दोन्ही टोकांस चुन्यानें रंगविलेला एकेक धोंडा. आम्हीं विचारलें, "मग तो राईंत मिसळला कसा?" तो म्हणाला, "डोळ्यांना नाहीं दिसला तरी चालेल; अंधारांत पायांना दिसला पाहिजे."

मेघालयांतील खासी लोक रबरवृक्षाचीं हवाई मुळें पोकळ पोफळींतून पैलतीरीं नेऊन जिवंत पूल वाढवितात. एका पिढीनें आरंभ करावा आणि पुढच्या पिढीनें वापरावा. २०२२ सालीं ते युनेस्कोच्या संभाव्य वारसायादींत नोंदले गेले. जपानांत इसे येथील देवस्थानाच्या वनाशीं उजी नांवाचा सुमारें १०० मीटरांचा लांकडी पूल आहे. तो दर वीस वर्षांनीं नवा बांधतात. २००९ सालीं असा बांधला गेला. दोहींकडे लांकूड टिकतें तें त्याच्या अंगच्या बळावर नव्हे, तर माणसांच्या सातत्यावर.

हेंच आम्हीं दुसऱ्या बैठकींत सांगितलें. मृगापूर्वीं दोन्ही वाड्यांतील दोघे-दोघे येऊन प्रत्येक फळी ठोकून पाहणार असतील तरच लांकडी साकव घालावा. नसतील, तर झाडें गेलीं तरी सिमेंटचा पूल बरा, कारण मुलांच्या जिवावर सौंदर्य विकत घ्यावयाचें नसतें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग एकेक हात वर होऊं लागला.

यंदा ज्येष्ठांत आप्तांचें पत्र आलें. साकव उभा राहिला. किंजळ जागच्या जागीं आहे. ती मुलगी नवें दप्तर घेऊन शाळेंत जाते. चार माणसें एकदां फळ्या ठोकून गेलीं. पत्राच्या शेवटीं आप्तांनीं लिहिलें होतें, "खरी परीक्षा पुढच्या मृगाला." आम्हीं आयुष्यभर परीक्षा घेतल्या; पण इतक्या उत्सुकतेनें कोणत्याच परीक्षेची वाट पाहिली नव्हती.