दृक्प्रत्यय आणि धर्मशास्त्र : महाराष्ट्रातला पंचांगवाद

महाराष्ट्रात आधुनिक खगोलशास्त्र आणि धर्मशास्त्र यांची गाठ पडली ती पंचांगाच्या पानावर. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पंचांगाची पाच अंगे. वार सोडला तर बाकीची चारही अंगे सूर्यचंद्रांच्या आकाशातील स्थानांवरून काढावी लागतात. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. ती कोणत्या घटकेला पुरी झाली यावर एकादशीचा उपास कोणत्या दिवशी, श्राद्ध कोणत्या दिवशी आणि लग्न-मुंजीचा मुहूर्त केव्हा, हे ठरते. गणित ज्योतिष्याचे आणि निर्णय धर्मशास्त्राचा, अशी ही वाटणी होती. कमलाकर भट्टांचा ‘निर्णयसिंधु’ आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेला ‘धर्मसिंधु’ हे निर्णयाचे आधारग्रंथ. या व्यवस्थेला रोमच्या पोपसारखा एक धनी नव्हता. शंकराचार्यांची पीठे, काशी-पुण्याचे शास्त्री, गावचा वतनदार जोशी अशा अनेकांकडे अधिकार वाटलेला होता. म्हणून गॅलिलिओवर 1633 मध्ये झाला तसा खटला येथे कोणावर झाला नाही. वाद मात्र शंभराहून अधिक वर्षे चालला.

ज्या ग्रंथावरून हा वाद पेटला तो स्वतः एका सुधारकाने लिहिलेला होता. कोकणात मुरुड-जंजिऱ्याजवळ नांदगाव येथे राहणारे केशव दैवज्ञ ग्रहांचे वेध घेत असत. ब्राह्म, आर्य आणि सौर या ज्योतिषगणिताच्या तिन्ही परंपरांचे, म्हणजे पक्षांचे, गणित त्यांनी आकाशाशी ताडून पाहिले, कोणता ग्रह कोणत्या पक्षाशी जुळतो हे नोंदवले आणि पुढच्या गणकांनीही असेच वेध घेऊन ग्रंथ दुरुस्त करीत जावे, असे सांगून ठेवले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली, ‘ग्रहलाघव’ रचला. त्रिकोणमितीतल्या ज्या आणि चाप यांची किचकट आकडेमोड टाळून ग्रह काढता यावेत अशी त्याची रचना होती. तिथ्यांसाठी त्यांनी ‘तिथिचिंतामणि’ हा सारणीग्रंथही केला. दोन्ही ग्रंथ इतके सोयीचे ठरले की पुढे तीन शतके महाराष्ट्रातले जोशी त्यांच्याच आधारे पंचांग करीत राहिले. कोष्टके पिढ्यान्‌पिढ्या उतरवली गेली. वेध घ्या, हा केशवांचा उपदेश मात्र मागे पडला.

पहिली चकमक तिथीवरून उडाली नाही, ती पृथ्वीच्या आकारावरून उडाली. भोपाळजवळच्या सीहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रोत्साहनाने चालणाऱ्या पाठशाळेत भास्कराचार्यांचे सिद्धांत शिकवले जात. तेथील पंडित सुबाजी बापू यांनी 1836 मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तीन विश्वरचना शेजारी शेजारी मांडल्या होत्या : मेरुपर्वताभोवती सपाट द्वीपे आणि समुद्र पसरलेली पुराणांची पृथ्वी, मध्यभागी स्थिर असलेली सिद्धांतकारांची गोल पृथ्वी आणि सूर्याभोवती फिरणारी कोपर्निकसची पृथ्वी. पुराणांचा भूगोल गणिताला टिकत नाही, सिद्धांत त्याच्या पुढे जातात आणि कोपर्निकस सिद्धांतांच्याही पुढे जातो, असा या मांडणीचा रोख होता. पुण्याहून यज्ञेश्वरशास्त्री यांनी ‘अविरोधप्रकाश’ लिहून पुराणे आणि सिद्धांत यांच्यात विरोध नाहीच, असे प्रतिपादन केले. सीहोरकरांनी त्यालाही ‘अविरोधप्रकाशविवेक’ लिहून प्रत्युत्तर दिले. हा वाद विद्वानांच्या वर्तुळात राहिला, कारण पृथ्वी सपाट असो वा गोल, त्याने कोणाचा उपास एक दिवस इकडे-तिकडे होत नव्हता.

तिथीची गोष्ट वेगळी होती. जुन्या गणितात चंद्राच्या मध्यम स्थानाला मुख्यतः एकच दुरुस्ती दिली जाई, ती म्हणजे मंदफल. तिचे मूल्य जास्तीत जास्त सुमारे 5 अंश धरलेले होते. हे मूल्य ग्रहणांवरून ठरलेले होते आणि ग्रहणे पौर्णिमा-अमावास्येलाच होतात. त्या दोन दिवशी सूर्याच्या आकर्षणामुळे चंद्राच्या गतीत पडणारे फरक बऱ्याच अंशी एकमेकांत मिसळून जातात आणि 5 अंशांची दुरुस्ती बरोबर उत्तर देते. अष्टमीच्या सुमारास मात्र तीच दुरुस्ती साडेसात अंशांहून जास्त लागू शकते. म्हणजे अष्टमीला चंद्र गणितापेक्षा अडीच अंशांपर्यंत पुढे-मागे असू शकतो आणि तिथीच्या समाप्तीत बारा घटी, म्हणजे जवळजवळ पाच तास, एवढा फरक पडू शकतो. याचा परिणाम असा की ग्रहण पंचांगाप्रमाणे लागे, लोकांचा पंचांगावर विश्वास बसे आणि त्याच पंचांगातली अष्टमी किंवा एकादशी काही तासांनी चुकलेली असे.

हे काही तास किती मोलाचे होते ते एकादशीच्या नियमावरून दिसते. सूर्योदयापूर्वी चार घटी अरुणोदय मानला जातो. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर एकादशी दशमीविद्ध, म्हणजे दशमीचा वेध लागलेली, ठरते आणि भागवत संप्रदायाचे लोक उपास दुसऱ्या दिवशी धरतात. अशा वेळी एकाच पंधरवड्यात स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादशा पंचांगात छापल्या जातात. दशमीची समाप्ती तीन-चार घटींनी सरकली तरी हा वेध लागतो किंवा जातो. चंद्राच्या गणितातली चूक अशी थेट वारकऱ्याच्या फराळापर्यंत पोचत होती.

ही चूक काढण्याचे काम केरो लक्ष्मण छत्रे (1825–1884) यांनी हाती घेतले. अलिबागजवळच्या नागावचे छत्रे मुंबईत शिकले, तरुणपणीच कुलाबा वेधशाळेत कामाला लागले आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. युरोपीय कोष्टकांच्या आधारे त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे मराठी पुस्तक 1860 मध्ये सिद्ध केले आणि शके 1787 पासून, म्हणजे 1865 सालापासून, नवे पंचांग सुरू केले. आबासाहेब पटवर्धन यांचे पाठबळ असल्यामुळे ते ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून ओळखले गेले. त्याच सुमारास मूळचे नगर जिल्ह्यातले आणि सीहोरच्या पाठशाळेत शिकलेले बापूदेव शास्त्री काशीत दृग्गणिताचा, म्हणजे आकाशाशी जुळणाऱ्या गणिताचा, पुरस्कार करीत होते.

धर्मशास्त्राच्या बाजूने दोन मुख्य आक्षेप आले. पहिला ‘बाणवृद्धि-रसक्षय’ नियमाचा. तिथी साधारण 60 घटींची. ती वाढली तर पाच घटींनी वाढावी आणि घटली तर सहा घटींनी घटावी, म्हणजे 54 ते 65 घटींच्या दरम्यान राहावी, अशी परंपरा होती. नव्या गणितातली तिथी 50 ते 67 घटींपर्यंत जाई, म्हणून ती शास्त्रबाह्य ठरवली गेली. दुसरा आक्षेप जास्त खोल होता. ग्रहण किंवा ग्रहांची युती डोळ्यांना दिसते, तेव्हा तिच्यासाठी दृग्गणित घ्यावे. तिथी डोळ्यांना दिसत नाही, तिचे फळही अदृष्ट, तेव्हा ती ऋषिप्रणीत सूर्यसिद्धांतादी ग्रंथांप्रमाणेच घ्यावी, असा हा युक्तिवाद होता. काशीत बापूदेवांच्या विरोधात त्याच धाटणीची बाजू मांडली गेली.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर गणितातच होते. चंद्राला 5 अंशांचे मंदफल दिले की तिथीची मर्यादा आपोआप 54 ते 65 घटी येते. म्हणजे तो नियम मुळात जुन्या गणिताचाच निष्कर्ष होता; त्याच नियमाने नव्या गणिताला खोटे ठरवणे हा चक्राकार तर्क झाला. दुसऱ्या आक्षेपाला सुधारकांनी परंपरेतूनच उत्तर दिले. सिद्धांतकारांनी ग्रह ‘दृक्तुल्य’, म्हणजे दिसतात तसेच, असावेत असे म्हटले आहे, वेळोवेळी बीजसंस्कार, म्हणजे गणिताच्या दुरुस्त्या, दिले आहेत, आणि केशव-गणेशांनी तर तेच केले आहे. मग आज तसे करणे अशास्त्रीय कसे? दुसरे असे की तिथी म्हणजे सूर्यचंद्रांमधले अंतर. पौर्णिमेला ते दिसते आणि अष्टमीला दिसत नाही, असे म्हणता येत नाही. धर्मशास्त्राला बाजूला सारण्याऐवजी त्याच्याच कसोटीवर उभे राहण्याची ही रीत यशस्वी झाली. विसाव्या शतकात दृग्गणित हळूहळू सर्वमान्य होत गेले.

राशी कोठून मोजायच्या, हा आरंभस्थानाचा प्रश्न मात्र सुटला नाही. वसंतात सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो बिंदू, म्हणजे संपात, दर वर्षी सुमारे 50 विकला मागे सरकतो, म्हणजे 72 वर्षांत जवळजवळ एक अंश. संपातापासून राशी मोजल्या तर ती सायन पद्धत, एखाद्या स्थिर ताऱ्याशी जोडून मोजल्या तर निरयन. दोन्हींमधले अंतर म्हणजे अयनांश. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे दीक्षित (1853–1898) हे शिक्षक होते. त्यांचा भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास 1896 मध्ये प्रसिद्ध झाला. सण ऋतूंना बांधलेले असावेत, हा या तिघांचा मुद्दा होता. उत्तरायण 22 डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि मकरसंक्रांत मात्र 14-15 जानेवारीला येते, ही तफावत त्यांना खटकत होती.

सायन गणनेचा अर्थ कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात डोळ्यांनी पाहता येतो. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वाराच्या दिशेने गाभाऱ्यात येतात : पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. दोन्ही वेळी सूर्याची दक्षिण क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे दक्षिणेकडचे अंतर, सुमारे 17 अंश असते. कोल्हापूरच्या अक्षांशावर तेव्हा सूर्य नेमक्या पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे 18 अंशांवर मावळतो. एकदा तो दक्षिणायनात तिकडे जाताना, एकदा उत्तरायणात परतताना. हा किरणोत्सव तिथीने येत नाही. दिवाळी कधी त्याच्या आधी असते, कधी नंतर. तो ठरतो सूर्याच्या क्रांतीवर, म्हणजे सायन स्थानावर. म्हणूनच इंग्रजी तारखांशी त्याचा मेळ बसतो.

लोकांनी सायन पंचांग स्वीकारले नाही. नक्षत्रांची नावे आणि आकाशातले तारे यांची फारकत व्हावी, हे पटणारे नव्हते. मग निरयनवाद्यांतच दोन पक्ष पडले. छत्र्यांनी रेवती नक्षत्राचा योगतारा, म्हणजे मुख्य तारा, हे आरंभस्थान धरले होते. सूर्यसिद्धांतात रेवतीचे स्थान राशिचक्राच्या अगदी शेवटाशी दिलेले असल्याने या पक्षाला ग्रंथाधार होता. छत्र्यांचे डेक्कन कॉलेजातले विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी हाच पक्ष उचलून धरला. 1854 मध्ये नरगुंदला जन्मलेले शिक्षक व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रापक्षाची बाजू घेतली. चित्रा तारा बरोबर 180 अंशांवर येईल असे आरंभस्थान त्यांनी मानले. त्यालाही सूर्यसिद्धांताचाच आधार होता. ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ हे त्यांचे संस्कृत ग्रंथ. नेपच्यूनपलीकडे आणखी ग्रह असावेत, असे भाकीत करणारा त्यांचा लेख 1911 मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत आला होता.

दोन्ही पक्षांच्या अयनांशांत सुमारे 4 अंशांचा फरक आहे. केतकरांच्या बाजूने दोन व्यावहारिक गोष्टी होत्या. चित्रा हा ठळक, पहिल्या प्रतीचा तारा आहे; रेवतीचा योगतारा पाचव्या प्रतीचा, अंधाऱ्या रात्रीही जेमतेम दिसणारा. शिवाय ‘ग्रहलाघवा’च्या रीतीने, म्हणजे शकातून 444 वजा करून उरलेल्या वर्षांना 60 ने भागून, शके 1826 चे अयनांश 23 अंश येतात. चित्रापक्षाचे तेव्हाचे अयनांश साडेबावीस, रेवतीपक्षाचे साडेअठरा. म्हणजे चित्रापक्ष घेतला तर जोशीबुवांचे अधिकमास फारसे हलत नव्हते, रेवतीपक्ष घेतला तर संक्रांती चार दिवस आधी येऊन अधिकमास बदलत होते. मुंबईला 1904 मध्ये आणि सांगलीला 1920 मध्ये ज्योतिष परिषदा भरल्या, पण एकमत झाले नाही. रेवतीपक्षाचे पंचांग पुढे टिळक पंचांग म्हणून रूढ झाले.

स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर तिचे सदस्य होते. समितीने नागरी व्यवहारासाठी सायन सौर वर्ष सुचवले आणि ते 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय पंचांग म्हणून लागू झाले. धार्मिक सणांसाठी तिने निरयन पद्धत ठेवली आणि 21 मार्च 1956 रोजी अयनांश 23 अंश 15 कला मानले, म्हणजे व्यवहारात चित्रापक्ष घेतला. महाराष्ट्रात सोलापूरचे दाते पंचांग आणि 1973 पासून घराघरांत पोचलेले कालनिर्णय याच पक्षाचे आहेत. टिळक पंचांग पाळणारी कुटुंबेही आहेत.

दोन पक्षांत आता नेमका कशावरून फरक पडतो, ते 2023 साली दिसले. चित्रापक्षाने त्या वर्षी अधिक श्रावण होता आणि गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला आली. टिळक पंचांगाने अधिकमास नव्हता, म्हणून गणपती 20 ऑगस्टलाच बसले. चंद्राबद्दल मात्र मतभेद उरला नव्हता : 16 ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास अमावास्या संपते, हे दोन्ही पक्षांचे गणित सारखेच. सूर्य सिंह राशीत गेला तो रेवतीपक्षाने 13 ऑगस्टला, अमावास्येच्या आधी. चित्रापक्षाने 17 ऑगस्टला, अमावास्येनंतर. ज्या महिन्यात संक्रांत नाही तो अधिक, या नियमाने रेवतीपक्षात तो नेहमीचा श्रावण झाला आणि चित्रापक्षात अधिक. सूर्य त्या दिवशी आकाशात कोठे होता हे वेधाने ठरते आणि त्याबद्दल वाद नाही. सिंह रास कोठे सुरू होते हे कोणत्याही दुर्बिणीतून दिसत नाही. ती सीमा माणसांनी आखलेली आहे आणि तिच्याबद्दल वेध नव्हे, सहमतीच निर्णय देऊ शकते.