अंगुस्तान बसेना तेव्हा

उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान घालून मी पस्तीस वर्षं शिवणकाम केलं. इचलकरंजीत आमच्या गल्लीतले सगळे ब्लाउज माझ्याकडेच यायचे. २०२२च्या पावसाळ्यात एके सकाळी ते अंगुस्तान बोटात बसेना. बोटाचं टोक सुजून लाल झालेलं, आणि रात्री असं ठणकायचं की हात उशीवर उंच धरून बसून राहावं लागे. शेजारच्या काकूंनी बघितल्याबरोबर सांगितलं, नखुरडं झालंय. लिंबाला भोक पाडून त्यात बोट घातलं. मग अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. शेवटी एका डॉक्टरांनी चीर दिली. पू आलाच नाही, नुसतं रक्त आलं. तरीही पट्टी बांधून, उतरेल म्हणून घरी पाठवलं. यात सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांचा मला आजही राग येतो.

एक्स-रे निघाला तो मुलीच्या हट्टामुळे. शेवटच्या पेराचं हाड वाळवीनं खाल्ल्यासारखं दिसत होतं, पण लागूनचा सांधा शाबूत होता. मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांना तेच खटकलं. जंतूंनी हाड खाल्लं असतं तर सांधाही सहसा सुटला नसता, असं ते म्हणाले. तुकडा तपासायला गेला आणि अहवाल आला: अ‍ॅडिनोकार्सिनोमा, मूळ फुप्फुसात. मला खोकलासुद्धा जेमतेम होता. तंबाखू, मिसरी कधी तोंडाला लावली नव्हती.

फुप्फुसाचा कर्करोग पसरतो तो बहुतेक वेळा मेंदूत, यकृतात, अ‍ॅड्रिनल ग्रंथींत आणि हाडांत. हाडांतही मणका, फासळ्या, कंबर इथे. बोटाच्या टोकाला तो क्वचितच पोचतो. पण हाताच्या हाडात पसरलेला कर्करोग सापडला, तर त्याचं मूळ सर्वांत जास्त वेळा फुप्फुसातच निघतं. हे मला परळला, टाटा हॉस्पिटलात समजलं. पेट स्कॅनला हात डोक्याच्या वर घ्यायला लावतात आणि एरवी चित्र कवटीच्या तळापासून अर्ध्या मांडीपर्यंतच घेतात. म्हणजे माझं दुखणारं बोट त्यात आलंच नसतं. मुलीनं आधी आठवण करून दिली म्हणून हाताचं चित्र वेगळं घेतलं.

बोट तोडतील या धास्तीनं मी दोन रात्री झोपले नाही. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ताई, बोट तोडून हा आजार जात नाही. बोटाला रेडिएशन देऊ, आणि औषध सगळ्या अंगाला." पाच दिवस रेडिएशन झालं. तिसऱ्या आठवड्यात मी हात खाली ठेवून झोपले. गाठीच्या तपासणीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला होता, म्हणून रोज जेफिटिनिबची गोळी सुरू झाली, आणि सोबत दर तीन आठवड्यांनी केमो. नुसती गोळी घेतली तर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहतो, जोडीला केमो दिली तर १६, असं टाटाच्याच डॉक्टरांनी ३५० रुग्णांवर अभ्यास करून २०२०मध्ये दाखवलं आहे. केमोनं उलट्या झाल्या, पांढऱ्या पेशी उतरल्या. पण ते महिने मला हवे होते. हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शनही होतं. त्याआधी दात तपासून घ्यायला लावले, कारण त्या औषधानं कधीकधी जबड्याचं हाड बिघडतं.

चार महिन्यांनी डाव्या अंगठ्याच्या नखाची कड सुजली. मी रडतच फोन केला. एक्स-रे स्वच्छ निघाला. या गोळीनं नखाच्या कडेला सूज येते, हे मला माहीत नव्हतं. या वेळी ते खरोखर नखुरडंच होतं.

दीड वर्षानं सुईत दोरा ओवेना. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मी पंधरा दिवस गप्प बसले, ही माझी चूक. मग मोजमापाच्या टेपवरच्या रेघा वाकलेल्या दिसायला लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पाहिलं, सोनोग्राफी केली. पडद्यामागच्या थरात गाठ होती. रक्ताच्या तपासणीत टी७९०एम हा नवा बदल सापडला आणि गोळी बदलली: ओसिमर्टिनिब, रोज ८० मिलिग्रॅम. डोळ्याला रेडिएशन द्यायची वेळच आली नाही. दोन महिन्यांत टेपच्या रेघा सरळ झाल्या.

आजार गेलेला नाही. दर तीन महिन्यांनी मी परळला जाते आणि अंगावर जे जे नवं दिसलं ते वहीत लिहून नेते, मग ती हिरडीवरची गाठ असो की कातडीवरची. मॅडम सगळं वाचतात.

हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: नखुरडं तीन आठवड्यांत उतरलं नाही, किंवा चीर देऊनही पू निघाला नाही, तर तिथेच एक्स-रे मागा. आणि घरात कर्करोगाचा माणूस असेल, त्याचा हात किंवा पाय दुखत असेल, तर पेट स्कॅनच्या आधी तसं सांगा.