वाढते घर आणि वापरलेली मोटार

घरात माणसे वाढली म्हणजे ताटे, अंथरुणे आणि दाराशी काढलेली पादत्राणे मागाहून आपोआप वाढतात; वाहन तेवढे आपोआप वाढत नाही. आमच्या गोडादऱ्यातील घरात आज आठ माणसे आहेत. वृद्ध मातोश्री, आम्ही उभयता, तीन मुले, धाकटे बंधू व त्यांच्या सौभाग्यवती. आणि देवीची कृपा राहिली तर माघात नववे माणूस येणार आहे. एवढ्या संसाराची ने-आण कालपरवापर्यंत एक स्कूटर आणि बंधूंची मोटारसायकल यांवर चालली होती. मातोश्रींचे गुडघे आता स्कूटरवर बसू देत नाहीत आणि रिक्षात चढताना त्या दोन्ही हातांनी दांडी धरून क्षणभर डोळे मिटतात. 2025 च्या जूनमध्ये खाडीचे पाणी आमच्या भागात शिरले, तेव्हा त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत खुर्चीवर बसवून न्यावे लागले. त्याच रात्री घरात ठरले की चार चाकांचे काहीतरी घ्यावयाचे, आणि घ्यावयाचे ते ऋणाच्या डोंगराखाली न जाता.

गोमंतक व कोकणातील वाचकांना गोडादरा हे नाव अपरिचित असेल. सुरत शहराच्या पूर्व-दक्षिण अंगाची ही वस्ती. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून कापडाच्या उद्योगामागे आलेली खानदेशी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली आणि गोडादरा येथे इतकी आहेत, की महाराणा प्रताप चौकात उभे राहिले असता गुजराती, मराठी आणि अहिराणी या तिन्ही भाषांत भाजीचा भाव ऐकू येतो. आपल्याकडे जसे मंगेशीच्या किंवा शांतादुर्गेच्या जत्रेला मुंबईचा चाकरमान्या गावी धाव घेतो, तसे आमचे खानदेशी लोक श्रावणात कानबाईसाठी गावी जातात. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, सोमवारी वाजतगाजत तिचे विसर्जन होते, आणि रोटाचा प्रसाद भाऊबंदांनी एकत्र बसून संपवावयाचा असतो. आमचे गाव दोंडाईचाजवळ. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, विसरवाडी आणि मग नंदुरबार, असा तो रस्ता आहे.

या कानबाईवरूनच घरात पहिला मतभेद झाला. बंधूंचे म्हणणे असे, की सात आसनांचीच गाडी घ्यावी. वर्षातून एकदा का होईना, सारे घर एका वाहनातून देवीपुढे उतरले पाहिजे. मत भावनेला पटणारे होते आणि मातोश्रीही त्याच बाजूच्या होत्या. अर्टिगा ही त्यांची पहिली निवड. परंतु बऱ्या अवस्थेतील अर्टिगेची किंमत आमच्या पिशवीच्या पलीकडे होती. ईको आवाक्यात होती. तथापि कंपनीने सीएनजी बसवून दिलेली ईको पाच आसनांची असते आणि सात आसनांची हवी तर पेट्रोलवर चालवावी लागते. येथे आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शाळा, दवाखाना, बाजार आणि रविवारचे देऊळ धरून आमची महिन्याची धाव सुमारे 600 किलोमीटर. लिटरला 15 किलोमीटर धरले तर 40 लिटर पेट्रोल. 2025 च्या दिवाळीच्या सुमारास 95 रुपयांच्या आसपासच्या भावाने 3,800 रुपये झाले. तेवढीच धाव सीएनजीवर, किलोला 24 किलोमीटरच्या हिशेबाने, 25 किलोत होते. 80 रुपयांच्या आसपासच्या भावाने 2,000 रुपये. महिन्याला 1,800 रुपयांचा फरक म्हणजे वर्षाला 21,600. एवढ्या पैशात कानबाईला एक मोठी गाडी चालकासह भाड्याने करूनही बरेच उरतात. दोन दिवसांच्या सोहळ्यासाठी उरलेले वर्षभर रिकाम्या आसनांना इंधन पाजावयाचे, हे आम्हांला पटेना. पेट्रोलचे आणखी एक असे, की त्यात आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले असते आणि 2023 पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्या मिश्रणासाठी घडवलेल्या नाहीत. अ‍ॅव्हरेज थोडे उतरते, हे सरकारनेही मान्य केले आहे.

दुसरा प्रश्न नव्या-जुन्याचा. आम्ही शोध घेत असतानाच 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, आणि नवी कोरी छोटी मोटार साडेतीन-पावणेचार लाखांच्या आसपास दिसू लागली. आमची तरतूद चार लाखांची होती: तीन लाख भिशीचे व बचतीचे, एक लाख पतपेढीचे. म्हणजे तेवढ्याच पैशात एकीकडे नवी लहान आल्टो, दुसरीकडे पाच-सहा वर्षे वापरलेली पण ऐसपैस वॅगनआर. शेजाऱ्यांचा कौल अर्थातच नवीकडे. नव्या गाडीला हार घालून पेढे वाटता येतात. जुन्या गाडीचे पेढे वाटताना मनुष्य जरा संकोचतो.

या संकोचाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि मध्यमवर्गीय माणसाला मोटार हे स्वप्न प्रथम हाताच्या अंतरावर दिसले. पुढे 2008 साली रतन टाटांनी नॅनो पुढे आणली. एकाच स्कूटरवर दाटीने बसून निघालेले कुटुंब पाहून ती कल्पना सुचल्याचे ते सांगत. ती आमच्याच गुजरातेत, साणंदला तयार होऊ लागली, आणि 2018 साली बंद पडली. सर्वांत स्वस्त मोटार, ही तिची ख्यातीच तिला नडली असे आमचे मत आहे. गरिबीचा शिक्का दाराशी उभा करून ठेवण्यापेक्षा लोकांनी दुसऱ्याने वापरलेली मोठी गाडी पत्करली. त्यात काही लाजिरवाणे आहे असे आम्हांला वाटत नाही. आजीच्या पैठणीचे परकर-पोलके नातीला शिवतो तेव्हा आपण लाजतो काय?

असो. कौल अखेर मातोश्रींच्या गुडघ्यांनी दिला. आम्ही त्यांना बरोबर घेऊन गेलो आणि प्रत्येक गाडीत बसवून, उतरवून पाहिले. आल्टोत त्यांना खाली बसावे लागे आणि उठताना कोणाचा तरी हात लागे. ईकोची पायरी उंच. वॅगनआरचे आसन मात्र खुर्चीच्या उंचीचे, त्या वाकल्या नाहीत, केवळ मागे सरकून बसल्या, आणि म्हणाल्या, “हिच्यात मी तुम्हांला न विचारता बसेन.” दोन्ही सुनांनी एकमेकींकडे पाहिले आणि वाद तेथेच मिटला. सीएनजीची टाकी मागील सामानाची जागा खाते, हा वॅगनआरचा दोष खरा. त्यासाठी छपरावर कॅरिअर लावण्याचे ठरले.

आम्ही एक अट मात्र कडक ठेवली होती. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली; त्याच वर्षी चाके अडकू न देणारी ब्रेकची व्यवस्थाही सर्व मोटारींत आली. तेव्हा गाडी त्यानंतरची असावी, मग रंग कोणताही असो. यामुळे स्वस्तातल्या पुष्कळ गाड्या आपोआप बाद झाल्या. शिरपूरच्या एका आप्तांची मोटार कमी किमतीत मिळत होती, परंतु तिचा क्रमांक महाराष्ट्राचा. परप्रांतीची गाडी गुजरातेत कायम ठेवावयाची तर तेथील कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणावे लागते, येथे बारा महिन्यांच्या आत नवी नोंदणी करून कर पुन्हा भरावा लागतो, आणि पहिल्या कराचा परतावा मागत बसावे लागते. दिल्लीकडून आलेल्या डिझेल गाड्याही दाखवण्यात आल्या. 2015 साली हरित लवादाने त्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मज्जाव केला, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, पुढे त्यात फेरफारही झाले. परंतु तिकडच्या उतारवयाच्या गाड्या इतर प्रांतांत स्वस्तात येण्याची वाट त्यामुळे पडली. स्वस्त खऱ्या, पण म्हातारपणी त्यांचे औषधपाणी आपण करावयाचे.

सुरतेत वापरलेल्या मोटारी विकणाऱ्याला ‘कन्सल्टवाला’ म्हणतात. अशा एका कन्सल्टवाल्याकडे (नाव सांगण्यात स्वारस्य नाही) आम्हांला एक पांढरी वॅगनआर मनापासून आवडली. काचा लखलखीत, आत अत्तराचा दरवळ, मीटरवर केवळ 31,000 किलोमीटर. आमच्या गल्लीतील मिस्त्री बरोबर होते. त्यांनी इंजिनकडे पाहिलेसुद्धा नाही. पुढचा सीटबेल्ट शेवटच्या वितीपर्यंत ओढून काढला; त्याच्या बुडाशी मातकट रेघ होती. मग आसनाखाली बॅटरी धरली; पायांचे बोल्ट गंजलेले. पायाखालचा गालिचा उचलून नखाने खरवडले, तर बारीक वाळलेला गाळ निघाला. मिस्त्री आमच्याकडे वळून हलकेच अहिराणीत म्हणाले, “भाऊ, हाई गाडी पानी पियेल शे.” गाडी पाणी प्यालेली आहे! 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचे पाणी सोडले गेले आणि जवळजवळ सारी सुरत बुडाली, ते ज्यांनी पाहिले त्यांना गाळाचा वास अत्तराखालूनही येतो. विजेच्या तारांत एकदा पाणी शिरले की गाडी कोठे आणि केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो. आणि आमच्या घरातून रात्री-अपरात्री दवाखान्यात जाण्याचे दिवस जवळ आले होते. आम्ही चहाही न घेता उठलो.

मीटरवरील आकड्यावरही विश्वास ठेवू नये, असे मिस्त्रींनी सांगितले. तो मागे फिरवता येतो. ब्रेक-क्लचच्या पायट्यांचे रबर पाहावे, ते खोटे बोलत नाही. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘2319’ म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांचे टायर असतील तर चारही नवे घेण्याचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करावी. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते. तिच्यावरील पट्टीवर तारीख असते. आणि बाहेरून बसवलेले किट आरसी बुकात चढलेले नसेल तर ते किट नव्हे, संकट समजावे.

शेवटी जी गाडी घेतली ती 2019 च्या अखेरीची, कंपनीच्या सीएनजीची, एकाच गृहस्थांनी वापरलेली. त्यांनी सर्व्हिसच्या पावत्या एका वहीत चिकटवून ठेवल्या होत्या. ती वही पाहिल्यावर आम्ही गाडी फारशी पाहिली नाही, मिस्त्रींनी मात्र दोन तास पाहिली. मागणी 4,10,000 ची होती. जीएसटी उतरल्याने नव्या गाड्यांचे भाव खाली आले होते, ही गोष्ट आम्ही सौजन्याने दोनदा सांगितली, आणि सौदा 3,85,000 वर झाला. उरलेल्या रकमेत नामांतर, विमा आणि दोन टायर बसले. पूर्ण रक्कम देण्यापूर्वी 29 व 30 क्रमांकांच्या अर्जांवर त्यांच्या सह्या घेतल्या, बँकेचा बोजा उतरल्याचे पत्र व 35 क्रमांकाचा अर्ज पाहिला, आणि थकलेले ई-चलन आहे की काय तेही तपासले. एक निघाले, ते त्यांनी हसत भरले. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाला मिळत असलेली नो-क्लेमची सवलत गाडीबरोबर येत नाही, ती त्यांची त्यांच्याकडेच राहते. तेवढा हप्ता अधिक धरावा.

श्रावणाचा बेत आताच ठरला आहे. मोटारीत आम्ही, पुढे मातोश्री, मागे दोन्ही सुना, धाकटी व माघातील नवे माणूस. बंधू आणि दोघे मोठे मुलगे उधन्याहून ताप्ती मार्गाच्या आगगाडीने दोंडाईचाला उतरतील. थोरल्याने मोटारीतील आपला हक्क कोणी न सांगता सोडला आहे. नवापूरच्या स्थानकाचा अर्धा फलाट गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात येतो, हे त्याने शाळेत ऐकले आहे. गाडी थांबली की खाली उतरून एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवून त्याला उभे राहावयाचे आहे.